गौरीच्या आराशीत विश्वामित्रीच्या मगरी करायच्या आहेत: पॉलिमर क्ले कोणती घेऊ?

आरासवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असं वाटतं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. गौरीपुढे आमच्याकडे दरवर्षी आरास असते. माझ्या आजेसासूबाईंच्या वेळेपासून विहीर, वृंदावन, जात्यावर बसलेली बाई असं मातीचं गाव मांडतात. यंदा सासूबाई म्हणाल्या, "गाव पुष्कळ झालं, आता आपली नदी कर. मगरींसकट कर." २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात माझ्या नणंदेच्या सोसायटीच्या गेटाशी मगरीचं पिल्लू आलं होतं. तेव्हापासून घरातल्या मुलांच्या तोंडी मगरच आहे. मलाही ती कल्पना फार आवडली. विश्वामित्रीचा काठ, चिखलात पहुडलेल्या दोन मगरी, पाण्यात तीन म्हशी, त्यांच्या पाठीवर आणि काठावर मिळून पाच-सहा गायबगळे, एका झाडावर वानर, खोडावर दोन खारी. प्रमाण ठरवलंय एक फुटाला अर्धा इंच. म्हणजे दहा फुटी मगर पाच इंचांची, म्हैस सव्वादोन इंच उंच आणि बगळा जेमतेम पाऊण इंचाचा.

गेल्या वर्षी दोन पुड्या एकमेकांत मळून करायच्या क्लेमध्ये बैलजोडी केली होती. ती घट्ट झाली, छान झाली, पण हातात वेळच राहत नाही. एका बैलाचं तोंड नीट होईपर्यंत उरलेला गोळा कडक व्हायला लागतो. मगरीच्या पाठीवरचे खवले करायचे तर मला चार-चार दिवस लागणार. म्हणून भट्टीत भाजेपर्यंत मऊ राहणाऱ्या पॉलिमर क्लेकडे वळले.

मे महिन्यात दोन प्रकारची मागवली. एक इतकी मऊ की हाताला लोण्यासारखी लागली. तिचे बगळे केले, एक म्हैस केली. ओटीजी, म्हणजे घरातली विजेची छोटी भट्टी, १३० अंशांवर ठेवून बारा मिनिटं भाजलं. वास यायला लागला तशी घाबरले आणि काढून घेतलं. काढलं तेव्हा ते मऊच लागत होतं. गार झाल्यावर कडक झालं, पण बगळा उचलायला गेले तर दोन्ही पाय मोडून ताटलीतच राहिले. म्हशीचं शिंगही नुसत्या बोटाच्या धक्क्याने गेलं. दुसऱ्या पाकिटातली क्ले तर दगड होती. मळायला घेतली की चुऱ्यासारखी सुटायची. पंधरा मिनिटं मळून हात दुखले, गोळा काही होईना.

आता फिमो, स्कल्पी, प्रेमो, सर्निट अशी नावं सगळीकडे वाचते आहे. त्यातही प्रत्येकाचे चार प्रकार. सगळं थोडं थोडं घेऊन बघण्याइतके पैसे नाहीत आणि वेळही नाही. कोणती घेऊ? आणि ज्या ओटीजीत नानकटाई करते त्यातच हे भाजलं तर चालेल का? गौरी यायला दोन महिने आहेत.

कुंचला

मी इथेच फाइन आर्ट्सला शिल्पकलेला आहे, तिसऱ्या वर्षाला. तुमची कल्पना वाचून फार आनंद झाला. विश्वामित्रीवरच्या काळाघोड्याच्या पुलावर उभं राहून मी पहिल्या वर्षी मगरींची कितीतरी रेखाटनं केली होती. सकाळी ऊन वर आलं की त्या काठावर येऊन पडतात, तेव्हा जा. हिवाळ्यात जास्त दिसतात, पण पावसाची उघडीप मिळाली तर आत्ताही दिसतील.

आम्ही मित्रमैत्रिणी सुपर स्कल्पी वापरतो. एका पौंडाचा, म्हणजे ४५४ ग्रॅमचा ठोकळा येतो. अंगाच्या रंगाची असते, बारीक काम छान धरते. सगळे प्राणी तिच्यातच करा आणि वरून ॲक्रिलिकने रंगवा, रंग जुळवायची कटकट नाही. आतला भाग ॲल्युमिनियम फॉइल घट्ट चुरगळून करा. क्ले कमी लागते आणि जाड अंगाला तडे जात नाहीत. उकाड्यात क्ले फार सैल वाटली तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग काम करायचं.

मेणाचा_हात

ताई, तुमचं लिहिलेलं वाचताना "बारा मिनिटं" इथे थांबलो. मला वाटतं तुमची पहिली क्ले वाईट नव्हती. ती कच्ची राहिली.

मी एकतीस वर्षं दातांच्या कवळ्या करतो. रावपुऱ्यात छोटी लॅब आहे. मेणात दात बसवायचे, प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, मेण उकळून काढायचं, त्या जागी ॲक्रिलिक भरायचं आणि पाण्यात ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ शिजवायचं. या कामात घाई केली की कवळीच्या आत बुडबुडे राहतात आणि ती पेशंटच्या तोंडात मोडते. पॉलिमर क्लेचे प्राणी मी नऊ वर्षांपूर्वी नातवासाठी करायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात ओळख पटली. हीही शिजवायचीच वस्तू आहे. वाळवायची नाही.

नावात क्ले असलं तरी यात माती नाही. पीव्हीसीची अगदी बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारा तेलकट द्रव, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. उष्णता मिळाली की भुकटीचा कण न् कण तो द्रव शोषून फुगतो आणि शेजारच्या कणाशी एकजीव होतो. ते पूर्ण झालं नाही तर कण नुसते एकमेकांना टेकून राहतात. वरून कडक दिसतं, धक्का लागला की तुटतं. तुमच्या बगळ्याचं तेच झालं. आणि भट्टीतून काढल्यावर मऊ लागलं ते बरोबरच होतं. नीट भाजलेली क्लेही गरम असताना वाकते. गार झाल्यावरच तिची परीक्षा घ्यायची.

म्हणून नवीन क्ले मागवायच्या आधी एक काम करा. उरलेल्या मऊ क्लेच्या बोटभर लांब, दोन मिलिमीटर जाड अशा तीन पट्ट्या लाटा. एक पंधरा मिनिटं, एक अर्धा तास आणि एक पाऊण तास भाजा. दुसऱ्या दिवशी तिन्ही हळूच वाकवून बघा. जी वाकून परत सरळ होते ती शिजली. जी कट्कन मोडते ती कच्ची. हे एवढंसं काम तुम्हाला शंभर जणांच्या सल्ल्यापेक्षा जास्त सांगेल, कारण ही परीक्षा तुमच्या ओटीजीची पण आहे.

आता कोणती घ्यायची ते. कुंचला यांनी सुपर स्कल्पी सुचवली ती म्हशीच्या आणि मगरीच्या धडाला उत्तम आहे. पण सगळ्या प्राण्यांना एकच क्ले हे मला पटत नाही. मी क्ले निवडताना आधी प्राण्याचा सगळ्यात बारीक भाग कोणता ते बघतो. धड कुठल्याही क्लेचं होतं. प्राणी मोडतो तो पायात, शेपटीत, शिंगात, कानाच्या टोकाला. या भागाला ताकद आणि लवचिकपणा देणारी क्ले आधी ठरवायची, मग बाकीचं.

त्या दृष्टीने माझा अनुभव असा. प्रेमो भाजल्यावर चिवट होते, बारीक भाग वाकतो पण तुटत नाही. मळायलाही फार त्रास देत नाही. तुमच्या म्हशींच्या शिंगांना आणि मगरीच्या शेपटीच्या टोकाला ही. ही आणि सुपर स्कल्पी एकाच कारखान्यातल्या, भाजायचं तापमानही सारखं, १३० च्या आसपास. त्यामुळे दोन्ही एकत्र मळता येतात. धडासाठी मी निम्मी-निम्मी मिसळतो.

फिमो जर्मनीची, तिचे सॉफ्ट आणि प्रोफेशनल असे दोन मुख्य प्रकार. प्रोफेशनल सुरुवातीला हाताला कडक लागते, पण एकदा मळून झाली की सुईने काढलेली रेघ जशीच्या तशी राहते. ज्यांचे हात गरम असतात त्यांना हीच बरी. आपल्या बडोद्याच्या उन्हाळ्यात मला तर हीच सोयीची पडते. पण तिला ११० अंश पुरतात. तिला १३० वर ठेवलंत तर पांढरा आणि फिका रंग पिवळट पडू शकतो.

सर्निट बेल्जियमची. भाजल्यावर तिला चिनीमातीसारखी किंचित पारदर्शक झाक येते आणि ताकदही चांगली. तुमच्या बगळ्यांच्या अंगाला ती शोभेल. मात्र हातात लवकर सैल पडते, थोडं करून थोडं ठेवत जावं लागतं. केटो नावाची एक आहे, तिला १५० अंश लागतात आणि मळताना मनगटं भरून येतात. पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नका. स्कल्पी थ्री मऊ आणि रंगांना सुंदर, पण ती जाड, बसक्या वस्तूंची क्ले आहे. पाऊण इंची बगळ्याचा पाय तिचा करू नये.

आणि खरं सांगू का, पाऊण इंची बगळ्याचा पाय कुठल्याच क्लेचा करू नये. तो तारेचा. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तांब्याची अर्ध्या मिलिमीटरची तार मिळते, हातभर मागितली तर बरेचदा पैसेही घेत नाहीत. तिच्यावर लाखेसारखा थर असतो, त्यावर क्ले घसरते. तो पॉलिश पेपरने खरवडा, मग पांढऱ्या फेविकॉलचा पातळ हात देऊन वाळू द्या. त्यावर क्ले घट्ट बसते. पायांच्या दोन्ही तारा अंगात खोल जाऊ द्या आणि खाली पायाच्या तीन मिलिमीटर पुढे ठेवा, म्हणजे आराशीच्या थर्माकोलमध्ये खोचता येतील. वानराची शेपटीही तशीच, आत तार, वर कागदासारखा पातळ थर. वानराची शेपूट अंगापेक्षा लांब असते, हे विसरलात तर ते माकड दिसेल.

दुसऱ्या पाकिटाबद्दल. मे महिन्यात मागवलंत हेच कारण असू शकतं. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पार्सल दिवसभर गाडीत पडून राहिलं तर क्ले पाकिटातच थोडी थोडी शिजायला लागते. कधी दुकानातला मालच जुना असतो. चिमूटभर तुकड्यात एक थेंब बेबी ऑइल घालून मळा आणि बंद डबीत रात्रभर ठेवा. सकाळी गोळा झाला तर बाकीचीही वाचेल. तरीही चुराच राहिला तर ती गेली. यापुढे डिसेंबर-जानेवारीत मागवत जा. दुकानातून घेत असाल तर पाकिटावरून अंगठा दाबून बघा, थोडा तरी खड्डा पडला पाहिजे.

शाडूवाला

मेणाचा_हात यांनी सगळं नीट सांगितलंय. मी फक्त दोन गोष्टी जोडतो, कारण आमच्या घरी शाडूचे गणपती करतात आणि लोक दोन्हीत गल्लत करतात.

हे प्राणी विसर्जनात द्यायचे नाहीत. हे प्लास्टिक आहे, पाण्यात विरघळणार नाही. गौरी उठल्या की प्राणी पेटीत, पुढच्या वर्षी परत बाहेर. आणि पावसाळ्याची काळजी करू नका. शाडू किंवा हवेत वाळणारी क्ले या दिवसांत आठ-आठ दिवस ओली राहते, बुरशी येते. यात पाणीच नाही, त्यामुळे दमट हवेचा काही परिणाम नाही. भाजताना मध्येच लाइट गेली तरी घाबरू नका, आली की पुन्हा पूर्ण वेळ भाजा. दोनदा, तीनदा भाजलेलं चालतं.

आरासवाली

काका, तुमचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. काल पट्ट्या भाजल्या आणि आज मोडून बघितल्या. पंधरा मिनिटांची कट्कन तुटली. अर्ध्या तासाची वाकली पण मधे पांढरी रेघ आली. पाऊण तासाची बोटाला गुंडाळता आली! तीच क्ले, तोच ओटीजी. मी दोन महिने त्या पाकिटाला नावं ठेवत होते.

पण पाऊण तासाच्या पट्टीचं एक टोक तपकिरी झालं, वरच्या कॉइलच्या बाजूचं. मग मगरीच्या पाठीचं काय होईल? आणि नानकटाईचा प्रश्न राहिला. शिवाय डोळे कशाचे करायचे? गेल्या वर्षी बैलांना ॲक्रिलिकचे ठिपके दिले, ते आंधळे वाटतात.

मेणाचा_हात

पट्टीचं जळकं टोक हे फार उपयोगाचं निघालं. ओटीजीत आतली हवा १३० असली तरी कॉइलच्या समोरचा भाग त्याहून कितीतरी तापतो. त्यावर छप्पर हवं. ॲल्युमिनियमचा केकचा डबा घ्या, तळाला साधी सिरॅमिक टाइल ठेवा, टाइलवर कागद, कागदावर प्राणी, वरून दुसरा डबा उपडा किंवा फॉइलचा तंबू. टाइल उष्णता धरून ठेवते, त्यामुळे आतलं तापमान फार वरखाली होत नाही. बगळे आणि वानर उभे ठेवायचे असतील तर डब्यात कॉर्नफ्लॉरची गादी करून त्यात टेकवा, भाजल्यावर ओल्या ब्रशने पुसलं की निघून जातं.

ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. भट्टीत ठेवायचं छोटं थर्मामीटर मिळतं, ते टाइलशेजारी ठेवा. माझ्या ओटीजीत बटण १३० वर असताना आत १५० भरत होते. आधी रिकामी भट्टी तापवून, बटण कुठे ठेवलं की आत १३० भरतात तो आकडा शोधा आणि बटणाशेजारी मार्करने खूण करा. वेळेचा हिशोब जाडीवर, दर सहा मिलिमीटरला अर्धा तास. फॉइलवरचा थर मोजायचा, फॉइल नाही.

नानकटाईबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ओटीजी तोच चालेल, भांडी वेगळी. वर सांगितलेला झाकलेला डबा फक्त याच कामाचा ठेवा. झाकल्यामुळे वाफा भट्टीला कमी चिकटतात. खिडकी उघडी ठेवा, भाजून झाल्यावर भट्टी पुसून रिकामी तापवून घ्या, मगच खाण्याचं. थोडा वास येणं ठीक आहे. मात्र तापमान १७५ च्या पुढे गेलं तर पीव्हीसी जळून आम्लाच्या वाफा सोडते, त्या छातीला वाईट. धूर दिसला तर बटण बंद, खिडक्या उघड्या आणि मुलं बाहेर. भट्टी चालू असताना जागा सोडून जाऊ नका.

डोळ्यांसाठी तुमच्या घरातच वस्तू असेल. मंगळसूत्राच्या पोतीतले काळे मणी. काचेचेच घ्या, प्लास्टिकचे भट्टीत वितळतात. ओळखायचे असतील तर दाताला लावून बघा, काच गार आणि टणक लागते. कच्च्या क्लेमध्ये मणी बसवा, छिद्र आडवं आत दाबा, मग केसाएवढ्या क्लेच्या वळीने वरची पापणी झाका. पापणी आली की नजर येते. मगरीचे डोळे डोक्याच्या वर असतात, बाजूला नाही.

मगरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती तुमच्या आराशीची मुख्य आहे. कामाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात नातवाला घेऊन मी तिच्यासमोर किती दुपारी बसलोय. आपली विश्वामित्रीतली मगर म्हणजे मगर जातीचीच, रुंद तोंडाची. सुसरीसारखं निमुळतं तोंड करू नका. तोंड मिटलेलं असलं तरी खालचा चौथा दात वरच्या जबड्याच्या खाचेत बाहेरून दिसतो. तो एक दात नीट बसला की ती मगर दिसते. पुढच्या पायाला पाच बोटं, मागच्याला चार. मानेवर मोठे खवले असतात, मग थोडी सपाट जागा, मग पाठीच्या रांगा. शेपटीवर सुरुवातीला दोन दातेरी कडा असतात, त्या अर्ध्या शेपटीनंतर एक होतात. हे सगळे खवले मोहरीएवढ्या गोळ्या करून एकेक बसवा आणि प्रत्येकाला मधून चिमटीने वर ओढा. कोरून केलेले खवले सपाट दिसतात. मी याला मेण कापायचं बारीक कार्व्हर वापरतो. तुमच्याकडे रिकामी रिफील आणि जाडी सुई असेल, तेवढं पुरे.

बोटांचे ठसे राहिले तर भाजायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला मऊ ब्रश फिरवा. बगळे सगळ्यात आधी करा, हात धुऊन, पांढरी साडी किंवा सुती ओढणी घालून. पांढरी क्ले हवेतला प्रत्येक धागा ओढून घेते. म्हशीनंतर बगळा करायला बसलात तर तो करडा होईल.

रंग पूर्ण झाल्यावर चमक देण्यासाठी नेलपॉलिश लावू नका. माझ्या नातवाच्या हत्तीला मी लावलं होतं. पहिले दोन महिने सुंदर, मग हळूहळू चिकट होत गेला, आता त्यावर धूळ बसून तो लोकरीचा दिसतो. त्यातलं द्रावक क्लेला परत मऊ करतं. पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश घ्या, तेही फक्त मगरीच्या ओल्या पाठीला आणि डोळ्यांना. उरलेली क्ले कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका, ती डबी विरघळते. तळाला त्रिकोणात पाच आकडा असलेली डबी चालते.

कुंचला

काका, बरोबर आहे, मी माझ्या प्राण्यांच्या पायांचाही प्रश्न आता तारेनेच सोडवणार. माझ्या कॉलेजच्या टेबलवरच्या हरणाचे तीन पाय गेलेत. त्याच्या खाली टेकू लावून ठेवलाय.

एक गोष्ट रंगाची सांगते, ताईंना उपयोगी पडेल. मगर हिरवी करू नका. नदीच्या गाळाचा रंग घ्या, करडा-तपकिरी, त्यात अगदी थोडा शेवाळी. भाजून झाल्यावर गडद तपकिरी ॲक्रिलिक पाण्यात पातळ करून सगळीकडे फिरवा आणि ओल्या फडक्याने लगेच वरचं पुसून घ्या. खाचांत रंग राहतो, खवल्यांची टोकं उजळ होतात. मग पोटाकडे फिका पिवळट.

आरासवाली

आज लिहायला बसले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेत, पण सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

प्रेमो आणि सुपर स्कल्पी दोन्ही मागवल्या. पाकीट संध्याकाळी आलं, अंगठा दाबून बघितला, खड्डा पडला. रिवाइंडिंगवाल्याने खरंच तारेचे पैसे घेतले नाहीत. उलट "बहन, आमां शुं बनावशो?" म्हणून विचारलं आणि मगर ऐकून आणखी दोन हात तार दिली.

मगरीवर नऊ रात्री बसले. जेवणं उरकली की जेवणाच्या टेबलाशी, ट्यूबलाइटखाली. खवले करताना पहिल्या दोन रांगा सरळ आल्याच नाहीत, त्या काढून टाकल्या. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की गोळ्या आधी सगळ्या करून आकाराप्रमाणे बशीत लावून ठेवल्या तर हात अडत नाही. मग मोहरीएवढ्या, बाजरीएवढ्या, खसखशीएवढ्या असे तीन ढीग केले. शेपटीच्या दोन कडा जिथे एक होतात ती जागा चार वेळा मोडली आणि चार वेळा केली. चौथा दात सगळ्यात शेवटी, पांढऱ्या क्लेचा, सुईच्या टोकावर घेऊन बसवला.

काल भाजली. केकच्या डब्यात, टाइलवर, वरून फॉइलचा तंबू, थर्मामीटर १३० वर, पन्नास मिनिटं. मी भट्टीसमोर मोडा टाकून बसले होते. वास आला, पण या वेळी दार उघडलं नाही. गार झाल्यावर शेपटीचं टोक हळूच वाकवलं. वाकलं आणि परत आलं.

आज कुंचला यांनी सांगितलं तसा तपकिरी हात देऊन पुसला. सकाळी सासूबाई ती घेऊन खिडकीपाशी उजेडात गेल्या, चष्मा वर केला आणि तोंडाने मोजत राहिल्या. "पुढे पाच. मागे चार." मग मला म्हणाल्या, "हिचं पोट अजून फिकं कर. नदीतून नुकती वर आल्यासारखी दिसेल."

पोट उद्या रंगवते. परवापासून बगळे, म्हशींच्या आधी.